सड्यावरचा राखणदार

आमच्या गावाच्या सड्याला सरकारी भाषेत 'पडीक' म्हणतात. जांभ्या दगडाचं उघडं पठार, पिकत काही नाही, म्हणून पडीक. पावसाळ्यात तिथल्या डबक्यांभोवती तांदळाच्या कणीएवढी फुलं येतात, किडे खाणारी चिमुकली झाडं येतात, बेडूक येतात. त्यांच्यामागून हल्ली पुण्याचे पाहुणे येतात.

गेल्या पावसाळ्यात माझे मेहुणे आले. सडा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे प्राजक्ताचा सडा.

"फुलं कुठायत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या बुटाखाली."

त्यांनी घाईने पाय उचलला आणि दुसऱ्या फुलांवर ठेवला.

माझा जीव मात्र टिटवीच्या अंड्यांत अडकला होता. या बाईला घरटं बांधायचा कंटाळा. उघड्या कातळावर दगडांसारखीच दिसणारी अंडी घालायची आणि वर आरडाओरडा करून सडा डोक्यावर घ्यायचा. 'संवेदनशील क्षेत्र, वाहने आणू नयेत' या पाटीला टेकवूनच लोक मोटरसायकली लावत होते. एखादं चाक अंड्यांवरून जाईल या काळजीने मला चैन पडेना. शेवटी मी अंड्यांभोवती, जरा अंतर ठेवून, दगडांचं कडं रचलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यातल्या मोठ्या दगडावर हळदकुंकू! शेजारच्या काकांनी मला बाजूला घेतलं. "थय पाय ठेवू नुको हां. जागा राखणदाराची हाय."

मी हसू दाबलं आणि गप्प बसलो. पाटीला न जुमानणारे मोटरसायकलवाले आता लांबूनच हात जोडून वळू लागले. मेहुण्यांनी तर जाताना नारळ ठेवला. पिल्लं सुखरूप बाहेर पडली आणि तुरुतुरु पळाली, तेव्हा मला इतका आनंद झाला की घरी येऊन बायकोला मी तेच तेच सांगत बसलो.

मग गावकीची सभा झाली. राखणदाराला उघड्यावर ठेवणं बरं नाही, असं सर्वांचं मत पडलं. डबकं बुजवून घुमटी बांधायची, भोवती पेव्हर ब्लॉक, शिवाय गाड्यांना ऐसपैस जागा. टिटवी पुन्हा आली तर तिला टेकायलाही कातळ उरणार नव्हता. मला राहवेना. मी उठून ओरडलोच, "अहो, तिथं देवबीव काही नाही! टिटवीची अंडी होती. ते दगड मी ठेवले!"

 काकांनी डोळे मिटून हात जोडले.

"बघा, ह्याच्याच हातून ठेवून घेतलान!"

बांधकाम समितीवर माझी बिनविरोध निवड झाली.