मुलींची लस

दवाखान्याच्या भिंतीवर लसीचं पोस्टर होतं. त्यात आई हसत होती, मुलगी हसत होती. मुलगा कुठेच नव्हता. पोस्टरखालच्या बाकावर मात्र एक कॉलेजातला मुलगा वडिलांशेजारी बसला होता. बहिणीला लस देऊन झाली होती आणि डॉक्टरांनी त्यालाही घ्यायला सांगितलं होतं. त्यावरून वडिलांचा आवाज चढला होता.

"गर्भाशयाच्या कॅन्सरची लस ना ती? याला कुठे गर्भाशय आहे? उगाच खर्च."

मुलाने लाजून मोबाइलमध्ये डोकं घातलं.

नावातच घात असतो कधी कधी. ही लस ज्या विषाणूसाठी आहे, त्याच्यावर आपण बायकांच्या दुखण्याचा शिक्का मारला आणि पुरुष सुटले असं धरून चाललो. माझ्या शेजारी बसलेल्या ह्यांनी कधी तंबाखूला हात लावला नाही, तरी त्याच विषाणूमुळे झालेल्या कॅन्सरने ह्यांचा घसा धरला. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र विचारायचा, "तंबाखू खायचे का हो?" उपचारांत दुकानाचा गाळा गेला. त्याला कुणी उगाच खर्च म्हटलं नाही.

वडील उठले. "चल रे." मुलगाही उठला. परक्या माणसाला हे सगळं कसं सांगावं?

तेवढ्यात ह्यांनी गळ्याचा रुमाल सोडला. गळ्याला पाडलेल्या भोकावर बोट ठेवल्याशिवाय ह्यांना बोलता येत नाही, म्हणून चारचौघांत हे बोलतच नाहीत. आज त्यांनी बोट ठेवलं.

"बसा," ते खरखरत्या आवाजात म्हणाले. "गर्भाशय मलाही नाही."