डाळिंबाच्या सालींचा पिवळा

ज्यूसवाल्याच्या गाड्यामागून डाळिंबाच्या सालींचा तुरट वास आला की मला मंगळवार पेठेतले रंगारी चाचा आठवतात. त्यांच्याकडे मी हौसेनं सुती कापड रंगवायला शिकत होतो. सालींच्या पिवळ्या रंगाला लोखंड लागलं की तो काळवंडतो, हा त्यांचा पहिला धडा. माझ्या डोक्यात नेमका तेवढाच शिरला, आणि चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना मी गंमत म्हणून त्यांच्या तांब्याच्या हंड्यात मूठभर गंजके खिळे सोडले. चाचांनी काठीनं कापड वर काढलं, तर ते राखेसारखं करडं. "काळं झालं की रं हे!" "काय चाचा, पिवळंधमक हाय की! डोळं पुन्हा दाखवा," मी म्हणालो. चहा आला की खरं सांगायचं, असं ठरवलं होतं. चाचांनी कापड उजेडात धरलं, मग काठी माझ्या हातात दिली. "आता म्या रंगवायचं न्हाय. लोकांची कापडं नासतील." चहा आला, मी दोन कप प्यालो. हंडा धुताना खिळे गुपचूप खिशात घातले. चाचांनी पुन्हा हंडा चुलीवर चढवला नाही. ते कापड त्यांनी मलाच दिलं, त्याचा मी झब्बा शिवला. कुठला रंग म्हणून कुणी विचारलं, की मी अजूनही पिवळाच सांगतो.