पानाबाईचे अमर बोकड

पानाबाई निवांत बसलेली कुणी पाहिली असेल, तर त्यानं मला येऊन सांगावं. किराणा दुकानदार नथमलशेठची ही बायको. चुलीपासून दारात, दारातून दुकानात, दुकानातून पुन्हा चुलीकडे. "हिच्या पायाले भिंगरी हाये," असं शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

त्यात एकोणीसशे सत्तरच्या सुमारास शाळेनं तिच्या घरासमोरच बकऱ्या पाळायला काढल्या. जगदेव गुरुजींनी गावात शब्द टाकला. कुणी पिल्लू दिलं, कुणी गोठ्याला काठ्या दिल्या. पहिलीच्या पोरांना रोज वाटीभर दूध, आणि बोकड झाला की रिसोडच्या बाजारात विकून पाट्या-पेन्सिली, असं ठरलं. पानाबाई जैन, दुधाचं ऐकून ती हरखली, बाजाराचं तिनं कानाआड केलं. कुटाराची, म्हणजे भुसाचाऱ्याची, टोपली डोक्यावर घेऊन स्वतः गोठ्यात जायची. पहिला बोकड बाजारात निघाला, तेव्हा मात्र ती रस्त्यात आडवी झाली.

"गुरुजी, याले मी अमर केलं," म्हणाली, आणि त्याच्या कानात तांब्याची कडी अडकवली.

धर्माच्या नावानं सोडलेल्या जनावराला अशी कडी घालतात. मग त्याला खाटीकही हात लावत नाही. गुरुजी हसले. एका बोकडानं शाळेचं काय बिघडणार?

पण एकावर थांबेल ती पानाबाई कसली! बोकड जन्मला की ही कडी घेऊन हजर. खच्ची करू द्यायची नाही, कारण त्याला दुखतं. दोन वर्षांत गोठ्यात बकऱ्यांपेक्षा बोकडच जास्त झाले. पोरं त्यांच्या उग्र वासानं नाक दाबून पाढे म्हणायची. गाव कुरकुरायचं, पण कडीला भिऊन गप्प बसायचं. आमच्या गावाला धर्माची भीती फार, अक्कल जरा बेताची.

मग बहात्तर साली पाऊस दगा देऊन गेला. कुटार संपलं, बाभळीचा पालाही संपत आला. दांडगे बोकड चाऱ्यावर तुटून पडायचे आणि बकऱ्या मागे उभ्या राहायच्या. दूध आटलं. गोठा झाडणाऱ्या सोजरबाईची नात रुख्मिणी पहिलीत होती. घरात खायला नव्हतं, शाळेतल्या वाटीवरच पोर तगून होती. सोजरबाईनं पानाबाईला गोठ्यातच गाठलं.

"शेठानीबाई, तुमचे बोकडं अमर झाले. आन् माही नात?"

पानाबाईनं शेजारी उभ्या गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "कडी तुमी घातली बाई, काढनं बी तुमच्याच हाती हाये."

ती एकेका बोकडाच्या कानाला हात लावी आणि कडी न काढताच हात मागे घेई. दुसऱ्या दिवशी पदर खोचून, काठी घेऊन तिनं सारे बोकड गोठ्यातून बाहेर काढले आणि पैनगंगेच्या काठाकडे हाकले. शेठाणी बोकडं चारते, हे बघायला गाव दारात आलं.

"काहून इज्जत घालवून राह्यली माही?" शेठ ओरडले.

"भूक त्यायले लागली, तुमच्या इज्जतीले नाही," ती न थांबता बोलली.

शाळेतल्या बकऱ्यांच्या वाट्याला चारा आला. थोडं का होईना, दूध उतरू लागलं. पण नदीकाठी होतं काय? पानाबाई काट्यांत शिरून पाला ओरबाडायची, आपली भाकरी मोडून घालायची, आणि तरी बोकड एकामागून एक बसत गेले. बसलेला उठत नसे. शेवटचा गेला, त्या दिवशी ती एकटी परत आली आणि सोजरबाईच्या अंगणात टेकली.

"खाटकानं एकदाच मारलं असतं," ती म्हणाली. "म्या रोज मारलं."

सोजरबाईनं तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

पुढच्या साली पीकपाणी बरं झालं. गोठ्यात पुन्हा एक बोकड जन्मला. तो मोठा झाल्यावर गुरुजी त्याला घेऊन पानाबाईच्या दारात उभे राहिले. तिला विचारल्याशिवाय तो विकायला त्यांचं मन होईना. तिनं त्याचा मोकळा कान चाचपला.

"इका गुरुजी. पन कोनाले इकलं, ते मले सांगू नका."

बाजारानंतर पोरांना नव्या पाट्या मिळाल्या. रुख्मिणी आपली पाटी दाखवायला धावत दुकानात आली. पानाबाईनं लांबूनच बघितली. चांगली हाये म्हणाली. पोरीनं पाटी पुढे केली, पण ती काही तिनं हातात घेतली नाही.