घर नसलेली आयग्नर

त्या बव्हेरियन गावात एकशे बारा घरं, त्यातली निम्मी आयग्नरांची, आणि आयग्नरांत सात योझेफ. मग आडनावाला विचारतो कोण? माणूस ओळखायचा घराच्या नावावरून. लोहाराकडचा योझेफ, गिरणीकडचा योझेफ. लोहार जाऊन शंभर वर्षं झाली तरी घर लोहाराचंच, आणि तिथे राहील तो लोहाराकडचाच.

झेंझी आयग्नर अडतीस वर्षं इथे टपाल वाटत होती. पाकिटावर नुसतं ‘योझेफ आयग्नर’ असलं तरी अक्षर बघून ती बरोब्बर दारी पोचवायची. ‘आयग्नर’ म्हणजे मुळात स्वतःची जमीन असलेला. ही मात्र जन्मभर आलोइस बेकरीवाल्याच्या माडीवर भाड्याने. भाडेकरणीला कसलं घराचं नाव? सगळ्यांची ती नुसती झेंझी. तिला ते फार लागायचं, पण बोलून दाखवायची नाही.

ती निवृत्त होणार त्याच वर्षी गावाला आठशे वर्षं झाली. लुट्झ मास्तरांनी पुस्तक काढायचं मनावर घेतलं. पुढे नामवंत आयग्नर, मागे गावच्या घरांची यादी.

"एक बिशप, एक प्राध्यापक आणि तो स्कीवरून बर्फात उड्या मारणारा खेळाडू," मास्तर म्हणाले. "आणखी कोण, झेंझीबाई?"

"बिशप गिरणीकडचे. उड्या मारणारा आपला नव्हेच, पलीकडच्या खोऱ्यातला. खोडून टाका त्याला."

स्वतःबद्दल काय सांगणार? घराचं नाव मागून मिळत नाही, ते गावाच्या तोंडी बसावं लागतं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी आलोइस पुस्तक काखोटीला मारून जिना चढून आला. गाल फुगलेले.

"चार पिढ्या पाव भाजले आम्ही. मास्तर घरोघर विचारत फिरला, आलोइसच्या घराला काय म्हणता म्हणून. बघ काय छापलंय."

तिने चष्मा लावला. मागच्या यादीत सतराव्या घरापुढे होतं: ‘झेंझीकडे. मालक आलोइस आयग्नर.’

"बेकरी बंद पडली आणि लोक पाव विसरले," आलोइस कुरकुरला. "पत्राची चौकशी करायला येतात ते तुझ्याकडे. आता मी मरेपर्यंत झेंझीकडचा आलोइस."

"मग नको म्हणायचंस की मास्तरांना."

"कोणत्या तोंडाने म्हणू?" तो खाली बघत म्हणाला. "मला विचारलं तेव्हा मीही तेच सांगून बसलो."

झेंझीचे डोळे भरून आले. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, ती ओळ पुन्हा वाचली.

"बस," ती म्हणाली. "कॉफी टाकते. आपल्याच घरी आलायस."