बी साइडच्या शेवटी मिलिंदचा शेरा

जळगावच्या एका दैनिकात मी सव्वीस वर्षं डेस्कवर होतो. भानामती, अंगात येणं, बंद घरातून येणारे आवाज... अशा बातम्या तालुक्यांतून नेमानं यायच्या आणि माझ्या टेबलावरून थेट टोपलीत जायच्या. एकही छापू दिली नाही. वार्ताहर मागं काय बोलायचे ते मला ठाऊक होतं. त्यामुळे अमानवीय अनुभवांच्या या धाग्यावर मी कधी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. जे घडलं ते क्रमानं देतो. माणसांची नावं बदलली आहेत, गावं तीच आहेत.

मिलिंद आणि मी धुळ्याला एका वर्गात होतो. हेवी मेटल संगीत ऐकणारी माणसं तेव्हा आमच्या माहितीत दोनच — तो आणि मी. पुढं तो दीपनगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर म्हणून लागला, कॉलनीत क्वार्टर मिळालं. मी जळगावला, मेहरूणमध्ये. आमच्या कॅसेटी पेपरच्या गठ्ठ्यातून जायच्या. पहाटे भुसावळकडे निघणाऱ्या गाडीत दीपनगरच्या एजंटाचा गठ्ठा असे, त्याच्या मधोमध मी कॅसेट सरकवून ठेवायचो. मिलिंद शिफ्ट संपवून एजंटाकडून उचलायचा. परतीचा प्रवास न खपलेल्या अंकांबरोबर.

एक पद्धत आम्ही पाडली होती. अल्बम साधारण पंचेचाळीस मिनिटांचा, कॅसेट साठची. बी साइडच्या शेवटी सात-आठ मिनिटं कोरी उरत. तिथं आपलं मत बोलून रेकॉर्ड करायचं. याला आम्ही शेरा म्हणायचो. शेरा दोन मिनिटांच्या आत, शेवटी दहापैकी गुण, आणि अल्बम पूर्ण ऐकल्याशिवाय शेरा ऐकायचा नाही. सुरुवात बातमीसारखी, नाव आणि गाव सांगून. हे मी त्याला शिकवलं होतं.

बँडची खरी नावं देत नाही. दिली तर खाली प्रतिक्रियांमध्ये अमानवीय बाजूला राहील आणि कोणता अल्बम श्रेष्ठ यावरच जुंपेल. आम्हीही कव्हर बघून ठेवलेली नावंच वापरायचो. ‘कोळसा’ हा मिलिंदचा सर्वांत लाडका. सगळी गाणी एका दमात, ड्रम असे की क्वार्टरच्या खिडक्या वाजायच्या. माझ्या मते त्यातली पहिली तीन गाणी अफाट आहेत आणि उरलेली सहा म्हणजे तीच तीन पुन्हा. हे मी शेऱ्यात सांगितलं. त्याचं उत्तर आलं — ‘मिलिंद बोलतोय, दीपनगर. संपादक, तुला वेग कळत नाही. तुझ्या बातम्यासुद्धा दुसऱ्या दिवशी येतात.’

मी संपादक कधीच नव्हतो. तो मुद्दाम म्हणायचा.

माझा कल गॉथिककडे. ‘मेणबत्ती’ नावाचा आमचा एक अल्बम होता... खर्जात गाणारा पुरुष, संथ गिटार, मागं चर्चमधल्यासारखा ऑर्गन. मी आजही तो वर्षातून दोनदा ऐकतो. मिलिंदचा शेरा असा होता — ‘हाऊ माणूस गाना म्हनी ऱ्हायना का आजारी शे? चार गुण. त्यातले दोन कव्हरला.’ धुळ्याकडचा असल्यामुळे रंगात आला की तो अहिराणीत घसरायचा.

आमचं एकमत फक्त एका बँडवर झालं. त्यांचा पहिला अल्बम ‘ओली भिंत’. पुरुषाचा घोगरा आवाज आणि त्याच्यावर तरंगणारा एका बाईचा स्वच्छ आवाज. दोघांनीही नऊ दिले. दुसरा, ‘पायऱ्या’, कीबोर्डमुळे जरा गोड झाला होता. मी आठ दिले, त्यानं सहा. तिसरा आला तेव्हा मिलिंद नव्हता.

शिफ्टला जाताना हायवेवर अपघात झाला. एकोणीस वर्षं झाली. बातमी चार ओळींची होती, मीच लिहिली. त्याची मुलगी प्रज्ञा तेव्हा नऊ महिन्यांची होती.

गेल्या एप्रिलमध्ये प्रज्ञाचा फोन आला. ती आता वीस वर्षांची आहे, जळगावला इंजिनीअरिंग करते. आईबरोबर भुसावळला राहते, रोज ये-जा.

“काका, एक विचारायचं होतं. पप्पांचा आवाज आहे का तुमच्याकडे?”

“म्हणजे?”

“आईच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर सगळीकडे नुसती सिनेमाची गाणी टाकलीयेत. पप्पा बोलताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. आई म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांना बोलून पाठवायचे. मी त्यांचा आवाज कधी ऐकलाच नाही, काका.”

मी म्हणालो, आहे. भरपूर आहे. रविवारी दोघी घरी या.

मग माळ्यावरचा खोका काढला.

आता जे सांगतो ते सोपं नाही. पत्रकार परिषदेला जाताना मी छोटा रेकॉर्डर न्यायचो. कोऱ्या कॅसेटी ऐन वेळी हाताशी नसत. मग खोक्यातली एखादी उचलायची, पुसलं जाऊ नये म्हणून तोडलेल्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावायची की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होतं. एकदा करू, पुढच्या वेळी नाही... असं करत बारा-पंधरा वर्षं गेली. खोक्यात एकतीस कॅसेटी होत्या. डेकला नवा बेल्ट बसवून घेतला आणि दोन दिवसांत एक सोडून सगळ्या तपासल्या. पाणीटंचाई आढावा बैठक. केळी पीक विमा. एका माजी मंत्र्याची पक्षांतरावरची भूमिका, दोन्ही बाजूंना. मिलिंद कुठंच नव्हता. शेवटी उरतात त्या सात-आठ मिनिटांतही मी कुणाकुणाच्या प्रतिक्रिया भरल्या होत्या.

उरलेली एकच, ‘गवत’. त्या बँडचा तिसरा अल्बम. तो मिलिंद गेल्यानंतर अडीच वर्षांनी आला. मी सीडी मागवली होती, पण गाडीत अजून कॅसेट प्लेअर होता म्हणून कॅसेटवर उतरवून घेतला. कॅसेट तेव्हा नवी घेतली होती असं मला आठवतं. शपथेवर सांगणार नाही. गाडीत मी नेहमी शेवटचं गाणं संपलं की बाजू उलटायचो. त्यापुढं कधी ऐकल्याचं आठवत नाही.

शनिवारी दुपारी, साडेतीनच्या सुमारास, घरी एकटाच होतो. कूलर चालू होता. रेखावहिनींना, म्हणजे मिलिंदच्या बायकोला, फोन करून काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो आणि केवळ यादी पूर्ण व्हावी म्हणून ती कॅसेट लावली. शेवटचं गाणं संपलं. खरखर. मग खट्ट असा माइकचा आवाज.

‘मिलिंद बोलतोय, दीपनगर.’

मी कूलर बंद केला.

‘बाई गेली ते बरं झालं, असं म्हणणार होतो. पण नाही. सहावं गाणं परत ऐक, संपादक. दुसऱ्या कडव्यानंतर ती जिथं गायली असती तिथं यांनी काहीच टाकलेलं नाही. नुसता ड्रम चालू ठेवलाय. तिची जागा तिच्यासाठी ठेवलीय. भलतं भारी शे. कीबोर्डवाल्याचा अर्धा कापला. साडेआठ.’

मी डेक थांबवला. पुढं टेप होती, पण मला ऐकवलं नाही.

बातमी आली की आधी ती खोटी धरायची, ही माझी सवय. जुना शेरा पुसायचा राहिला असेल — हे पहिलं. पण आधीच्या दोन्ही अल्बममध्ये ती बाई आहे. ती बँड सोडून गेली ते ‘पायऱ्या’नंतर, मिलिंद गेल्यावर दोन वर्षांनी. सीडीच्या मागं छापलेलं वर्ष पाहिलं. माझ्या चार ओळींचं कात्रण काढून तारीख पाहिली. दुसऱ्याच कुठल्या बँडबद्दल बोलत असेल — हे दुसरं. म्हणून सहावं गाणं लावलं. ते मला त्या अल्बममधलं सगळ्यांत कच्चं गाणं वाटायचं, मधे विनाकारण लांबवलेलं. दुसऱ्या कडव्यानंतर सोळा ठोके नुसता ड्रम आहे. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी अकराला रेखावहिनी आणि प्रज्ञा आल्या. एकतीस कॅसेटींचं मी खरं सांगून टाकलं. प्रज्ञा म्हणाली, “सगळ्या?”

“एक सोडून.”

“कुणाच्या भाषणासाठी, काका?”

“पुष्कळ जणांच्या.”

“त्यातलं एक तरी पुन्हा ऐकलंत?”

“नाही.”

तिनं मान हलवली. ते मला लागलं. त्या एका कॅसेटचं वर्ष मात्र मी सांगितलं नाही. मुलीला बापाचा आवाज हवा होता, तो माझ्याकडे दीड मिनिटभर होता. तो तिला आधी मिळू दे, बाकीचं मग, असा माझा हिशेब होता. या वेळी डेक स्पीकरला जोडला होता.

‘मिलिंद बोलतोय’ म्हणताच वहिनींनी पदर तोंडाला लावला. प्रज्ञा स्पीकरकडे बघत होती, एखाद्या माणसाकडे बघावं तशी. “किती वेगळा आहे,” ती म्हणाली. “मला वाटलं, जाड असेल.” ‘संपादक’ला ती हसलीसुद्धा. साडेआठ गुण झाले. मी बटणाकडे हात नेला. तिनं माझा हात धरला.

“असू द्या ना. अजून आहे.”

खरखरीत पंखा ऐकू येत होता. कुकरची शिट्टी झाली. मग एका लहान मुलीचा आवाज, माइकच्या अगदी जवळ —

‘पप्पा, आता माझं दाणं लाव ना.’

‘लावतो गं. काकाला शेरा देतोय ना.’

‘झाला ना शेला.’

‘झाला, झाला. ये इकडं. मम्मीला विचार, भात झाला का.’

खट्ट. टेप संपली.

प्रज्ञानं विचारलं, “ही मी आहे?”

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागं गेलो. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या.

“भाऊ, हे कधीचं आहे?”

मी सांगितलं.

“गाण्याला ती दाणं म्हणायची. चार वर्षांची होईस्तोवर. पण ते तिकडं भुसावळला, माझ्या भावाकडं राहायचो तेव्हा. क्वार्टर तर ती तेरा महिन्यांची असतानाच सोडलं आम्ही. तो कुकर माझाच आहे. शिट्टी अर्धवट वाजायची त्याची... मी क्वार्टरमध्येच सोडून आले होते तो.”

“दुसऱ्या कुणाचा आवाज असेल, वहिनी. शेजारची एखादी मुलगी.”

“तुम्हाला तसं वाटतं?”

“नाही.”

“मग कशाला बोलता?” त्यांनी डोळे पुसले. रागावल्या नव्हत्या. “म्हणजे कुठंतरी तिघंही जेवायला बसलोय आम्ही,” त्या म्हणाल्या आणि नळ सोडून तोंड धुऊ लागल्या.

नंतर मी ती कॅसेट पुण्यात आवाजाचं काम करणाऱ्या एका जाणकाराला दाखवली. त्याला हकिगत सांगितली नाही. त्याचं म्हणणं, घरगुती डेकवर साध्या माइकनं केलेलं सलग रेकॉर्डिंग आहे, जोडकाम कुठंही नाही, खोली लहान आणि वर पंखा. वर्ष सांगता येणार नाही. टेप आजही व्यवस्थित चालते. कॉपी केली तर कॉपीतही सगळं ऐकू येतं. आवाज विरला वगैरे काही नाही. तसं झालं असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

त्या रविवारी आम्ही स्वयंपाकघरातून बाहेर आलो तेव्हा प्रज्ञानं टेप मागं नेऊन पुन्हा लावली होती. ‘गवत’च्या सीडीचं कव्हर तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्या मागची बारीक अक्षरं वाचत होती. मुलगी हुशार आहे. तिला वजाबाकी येते.

“आई, पप्पा गेले तेव्हा मी नऊ महिन्यांची होते ना?”

“हो.”

“आणि इथं?”

“तीन-साडेतीनची.” वहिनींनी सरळ सांगितलं.

मला वाटलं, आता ती घाबरेल. निदान विचारेल, हे कसं शक्य आहे. त्या प्रश्नाची तयारी मी आदल्या दुपारपासून करत होतो, आणि तयारी म्हणजे ‘मला माहीत नाही’ एवढंच वाक्य होतं. ती टेप ऐकत राहिली. ‘ये इकडं’ला तिनं ती थांबवली. माझ्याकडे बघितलं तेव्हा ती भ्यायलेली नव्हती. चिडली होती, स्वतःवरच.

“साडेतीन म्हणजे काही लहान नाही, काका. मला तेव्हाचा मामाचा कुत्रा आठवतो, शाळेचा पहिला दिवस आठवतो. मग हे का आठवत नाही?”

सव्वीस वर्षांत मला एवढा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिनं टेप पुन्हा मागं नेली.