तर मला आनंद होईल

बाल्कनीत मी कपडे वाळत घालत होते आणि शेजारी नवरा ऑफिसच्या फोनवर इंग्रजीत बोलत होता. "तुम्ही पाच मिनिटं दिलीत तर मला फार आनंद होईल," असं तो पलीकडच्या कुठल्याशा मॅडमना सांगत होता. चिमटा माझ्या हातातच राहिला. याचा आनंद असा कुणाच्या हो-नाहीवर टांगलेला असतो? मला तो नुसतं "चहा टाक" म्हणतो. घरच्या माणसाशी कसलं आलंय जर-तर, हे कळतं मलाही. तरी त्या न पाहिलेल्या बाईच्या हेव्यानं जीव जळला.

चहा देताना मीही इंग्रजीत म्हटलं, "तू जरा माझ्याजवळ बसलास तर मला फार आनंद होईल."

त्यानं माझ्या कानाकडे पाहिलं. "कुणाचा फोन आहे गं?"