मैत्रिणीला ठाऊक होतं

सुमन अहिरे देवळाली कॅम्पात बायकांचे ब्लाउज शिवते. दुपारी तिच्या दुकानातल्या टीव्हीवर मालिका बघायला शेजारणी जमतात. परवाच्या भागात नायिकेला नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळलं. जवळच्या मैत्रिणीला ते वर्षभर ठाऊक होतं, हेही कळलं.

"मैत्रिणीचंच जास्त लागलं असेल तिला," एक शेजारीण म्हणाली.

सुमनने मशीन थांबवलं. आपल्या मैत्रिणीच्या, प्रतिभाच्या नवऱ्याला तिने गंगापूर रोडला दुसऱ्या बाईबरोबर दोनदा पाहिलं होतं. संसार मोडेल म्हणून ती गप्प राहिली. तो मोडलाच. प्रतिभा इगतपुरीला माहेरी गेली, आणि सुमनने लाजेपायी साधा फोनही केला नाही.

दुसऱ्या दिवशी ती इगतपुरीला गेली. प्रतिभा आता तिथे जेवणाचे डबे करत होती.

"मला आधीच माहीत होतं," सुमन दारातच म्हणाली. "सांगायला हवं होतं."

प्रतिभाने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "संशय मलाही होता गं. पण नंतर तू फिरकलीच नाहीस, त्याचा राग आला. चल, पोळ्या लाटायला बस. डबे जायचेत."

डबे गेल्यावर दोघी ओट्याशी बसून जेवल्या. पुढच्या रविवारी देवळालीला यायचं प्रतिभाने कबूल केलं.